मालवण-वेंगुर्ल्याचा दर्या

मालवणच्या राजकोटाच्या खडकांपासून निघून तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती, वायंगणी, वेंगुर्ले, मोचेमाड, आरवली, शिरोडे, रेडी असे एकेक गाव मागे टाकीत जो किनारा तेरेखोलच्या मुखापर्यंत जातो, त्यावर वर्षातील बहुतेक दिवस इतकी शांतता नांदत असते की, प्रथमच येणाऱ्या प्रवाशाला हा मुलूख सृष्टीच्या आरंभापासून असाच निर्जन आणि मानवी व्यवहारांपासून अलिप्त राहिला असावा असे वाटल्यावाचून राहत नाही. पांढरी पुळण, तिच्या कडेने सुरूची बने आणि माडांच्या बागा, मधूनच समुद्रात घुसलेले जांभ्या दगडाचे कडे, आणि आकाश निरभ्र असेल त्या दिवशी निवतीच्या डोंगरावरून दिसणारा वेंगुर्ल्याच्या खडकांचा पुंजका, या सगळ्या दृश्यात माणसाच्या हाताची खूण मुद्दाम शोधावी लागते. परंतु जुनी दप्तरे, परदेशी प्रवाशांची वर्णने आणि कंपनी सरकारचे कागद चाळले म्हणजे ध्यानात येते की पश्चिम समुद्रावर इतकी वर्दळ फार थोड्या ठिकाणी होती, आणि आजची शांतता गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत व्यापाराचे मार्ग बदलत गेल्यामुळे या किनाऱ्याच्या वाट्याला आली आहे.

त्या वर्दळीचे स्वरूप समजण्यासाठी आधी भूमीचे स्वरूप पाहिले पाहिजे. येथे सह्याद्री समुद्राच्या इतका निकट आहे की गड, कर्ली, तेरेखोल या नद्या डोंगरातून निघून थोडक्याच प्रवासात खारे पाणी गाठतात, आणि प्रत्येकीच्या मुखाशी भरती-ओहोटीने खेळवलेला वाळूचा दांडा आडवा पडलेला असतो. देवबाग हे गावच मुळी कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये उरलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. खाडीच्या तोंडाबाहेर पाण्याखाली खडपे आहेत. ती कोठे आहेत हे तेथल्या तांडेलाला वडिलांकडून कळलेले असते, परक्या कप्तानाला मात्र जहाजाचा तळ फुटल्यावरच कळते. त्यातही मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या पूर्णपणे बंद. मोठ्या जहाजाला प्रतिकूल आणि लहान, उथळ बुडाच्या गलबताला अत्यंत अनुकूल असा हा किनारा आहे, आणि माझ्या मते त्याच्या साऱ्या राजकीय इतिहासाचे बीज या एका गोष्टीत सापडते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याण-चौलाच्या दक्षिणेस असलेल्या बंदरांची मालिका दिल्यानंतर ‘सेसेक्रीनी’ नावाच्या बेटांचा निर्देश येतो, आणि त्याच प्रदेशात चाचे असतात अशी सूचना लेखक आपल्या व्यापारी बांधवांना देतो. ही बेटे म्हणजेच वेंगुर्ल्याचे खडक असे मत काही विद्वानांनी मांडले आहे. ते सर्वमान्य नसले तरी त्यात असंभाव्य असे काही नाही, कारण तांबड्या समुद्रातून नैर्ऋत्य वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांना ठळक खूण म्हणून उपयोगी पडावीत अशीच त्यांची ठेवण आहे. पुढे पोर्तुगीज दर्यावर्दींनी याच खडकांना ‘जळकी बेटे’ असे नाव दिले आणि तेच इंग्रजी नकाशांत उतरले. म्हणजे जी बेटे आज आपल्याला एकाकी वाटतात, ती लिस्बन आणि लंडन येथील नकाशेकारांच्या मेजावर नेहमीची होती.

सतराव्या शतकात वेंगुर्ल्याचे भाग्य उजळले ते गोव्याच्या शेजारामुळे. पोर्तुगिजांचा पूर्वेकडील व्यापार मोडून काढण्याचा निर्धार केलेल्या डचांना गोव्याच्या नदीमुखाशी दरसाल नाकेबंदी करायची होती. पण महिनोन्महिने समुद्रावर उभ्या राहणाऱ्या त्या जहाजांना गोडे पाणी, तांदूळ, सरपण आणि बातम्या कोठून मिळणार? विजापूरच्या आदिलशाहीची परवानगी मिळवून १६३७ साली त्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली, आणि गोव्याहून काही कोसांवरचे हे गाव अकस्मात दोन युरोपीय सत्तांच्या झुंजीत सापडले. १६४८ साली येथे आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने हिंदुस्थानातील उत्तम नांगरवाड्यांत वेंगुर्ल्याची गणना केली असून येथील पाण्याची आणि तांदळाची तारीफ केली आहे. वखारीत डच गुमास्ते, दुभाषे, पहारेकरी होते. घाटावरून वेलदोडा आणि मिरी उतरत असे, आणि बटाव्हियाला जाणारी पत्रे येथूनच रवाना होत. पुढे डच-पोर्तुगीज तह झाला, कोचीन डचांच्या हाती गेले आणि वेंगुर्ल्याचे लष्करी महत्त्व संपले. ज्या कारणाने गाव मोठे झाले ते कारणच नाहीसे झाले, तेव्हा वखार ओस पडणे क्रमप्राप्त होते.

याच काळात थोडे उत्तरेस मालवणाजवळ एक निराळाच उद्योग चालू होता. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. त्याचे मुहूर्तपूजन ज्या खडकावर झाले तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यावर अद्याप दाखवतात. तटाचा पाया घालताना शिसे ओतून चिरे खडकाशी जखडले, आणि सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचे क्षेत्र वेढणारा तट तीन वर्षांत उभा केला. आज होडीतून किल्ल्याकडे जाताना नावाडी ज्या वळणाने खडपे चुकवीत नेतो, ते वळण हाच या दुर्गाचा पहिला बुरूज होय. तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा लपवला आहे की शत्रूच्या तोफेला त्याच्यावर सरळ मारा करता येऊ नये. आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चोहोबाजूंनी खारे पाणी असलेल्या बेटावर हे पाणी नसते, तर एवढा तट व्यर्थ गेला असता. किल्ल्यातील शिवराजेश्वराच्या देवळातील महाराजांची मूर्ती दाढीविरहित असून तिच्या मस्तकावर दर्यावर्दी लोकांचे शिरोवेष्टन आहे. ज्या गाबीत, भंडारी, कोळी आणि दालदी लोकांनी आरमाराची वल्ही मारली, त्यांनी आपल्या धन्याला आपल्याच वेशात पाहिले, यापेक्षा निष्ठेचा बोलका पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही.

हे आरमार किती लवकर कार्यक्षम झाले याची साक्ष इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रांतून मिळते. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज मालवणाहून पंच्याऐंशी लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे घेऊन स्वतः समुद्रमार्गे कानडी मुलखातील बसरूरवर गेले आणि गोकर्णाचे दर्शन घेऊन परतले. घाटमाथ्यावर वाढलेल्या राजाने स्वतः जहाजावर पाय ठेवून केलेली ही मोहीम मराठ्यांच्या इतिहासात एकमेव म्हणावी अशी आहे. आणि तिचा आरंभ आज जेथे प्रवासी पाण्याखालचे प्रवाळ पाहण्यासाठी होड्या ठरवतात, त्याच बंदरातून झाला.

अठराव्या शतकात आंग्रे विजयदुर्गास, कोल्हापूरकर मालवणास आणि सावंत वाडी-वेंगुर्ल्यास, असे दर्याचे तीन मालक झाले. इंग्रजांच्या दप्तरात कोल्हापूरकरांच्या खलाशांना ‘मालवणी’ आणि खेमसावंतांच्या खलाशांना धन्याच्या नावाचा अपभ्रंश करून ‘केंपसंट’ म्हटले आहे, आणि दोघांनाही सरसकट चाचे ठरवले आहे. या प्रश्नाकडे आपल्याकडील इतिहासलेखकांनी अधिक निर्भयपणे पाहिले पाहिजे असे मला वाटते. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकापासून पश्चिम समुद्रावर ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला होता. तो नसलेले जहाज ते माल-माणसांसह जप्त करीत, आणि त्याला युरोपात राज्यकारभार म्हणत. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या तारवाने दस्तक घ्यावे, जकात भरावी, न भरल्यास ते पकडावे, हीच रीत मराठी सरदारांनी चालवली तेव्हा तिचे नाव बदलले. सावंतांच्या आणि मालवणच्या गलबतांनी निरपराध व्यापाऱ्यांनाही लुटले हे मी नाकारीत नाही. तसे दाखले विपुल आहेत आणि त्यांचा बोजा किनाऱ्यावरील गरीब वाण्या-उदम्यांवरही पडला. परंतु समुद्रावरील सार्वभौमत्वाचा दावा एकाने केला तर कायदा आणि दुसऱ्याने केला तर चोरी, हा न्याय इतिहासाने मान्य करू नये.

१७६५ साली मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांच्या हाताखालील इंग्रज आरमाराने सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पण हे नाव रुजले नाही. किल्ला राखण्याचा खर्च उत्पन्नाहून भारी पडू लागताच पुढच्याच वर्षी पावणेचार लाखांहून अधिक रुपयांचा करार करून तो कोल्हापूरकरांना परत देण्यात आला. १८१२ च्या तहनाम्यांनी मात्र मालवण आणि वेंगुर्ले ही दोन्ही बंदरे कायमची इंग्रजांकडे गेली, आणि १८१९ मध्ये निवती व रेडीचे किल्ले पडल्यावर या किनाऱ्यावरील तोफांचा आवाज थांबला.

तोफा थांबल्या तरी वर्दळ थांबली नाही, उलट वाढली. बेळगावास लष्करी छावणी पडल्यावर मुंबईहून येणारे गोरे शिपाई आणि अंमलदार वेंगुर्ल्यास उतरून घाट चढू लागले; आंबोलीच्या घाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा देशावरचा कापूस बैलगाड्यांच्या तांड्यांनी खाली उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात पडू लागला, आणि परतीच्या गाड्यांतून मीठ, नारळ, सुके मासे, कापडचोपड वर जाऊ लागले. बंदरावर कस्टमची कचेरी, वखारी, धर्मशाळा, अडत्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. या भरभराटीवर घाला पडला तो समुद्राकडून नव्हे, लोहमार्गाकडून. १८८८ च्या सुमारास मुरगावहून घाट चढून जाणारी पोर्तुगीज हद्दीतील आगगाडी देशावरच्या रेल्वेस जोडली गेली, आणि जो कापूस चार-पाच दिवस बैलांच्या मानेवर घाट उतरत असे तो एका रात्रीत मुरगावास पोचू लागला. वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्यांनी कोणताही अपराध केला नव्हता. त्यांच्या गावावरून रूळ गेले नाहीत, एवढेच. आजच्या शांततेचा आरंभ मी या घटनेपासून धरतो.

त्यानंतर काही दशके आगबोटींनी या किनाऱ्याला मुंबईशी बांधून ठेवले. बंदरात धक्का नसल्याने बोट दूर नांगर टाकून उभी राही, आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. लाट खाली जाईल तो क्षण साधून खलाशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना हाताला धरून शिडीवर चढवीत. गिरण्यांत राबणारे चाकरमानी गणपतीला याच बोटीने येत आणि त्यांच्या मनीऑर्डरीवर गावातली चूल पेटे. स्वदेशीच्या काळात परकीय कंपनीच्या मक्तेदारीस तोंड देण्यासाठी सामान्य लोकांच्या भागांतून जी देशी कंपनी निघाली तिला लोक आपुलकीने ‘माझी आगबोट’ म्हणत, यावरून बोट ही येथे केवळ वाहन नव्हती हे कळून यावे. पुढे मोटाररस्ता झाला, बोटींचे फेरे कमी होत होत बंद पडले, आणि १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेही कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशा आतल्या वाटेने गेली. बंदरांनी जी माणसे गमावली ती त्यांना परत मिळाली नाहीत.

दक्षिणेस शिरोड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथील मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यात जो सत्याग्रह झाला त्यात दूरदूरच्या जिल्ह्यांतून स्वयंसेवक येऊन लाठ्या खाऊन गेले; वि. स. खांडेकर त्या वेळी याच गावच्या शाळेत शिक्षक होते आणि १९२० पासून १९३८ पर्यंतचा त्यांचा काळ येथेच गेला. ज्या किनाऱ्याला आपण कोपऱ्यातला म्हणतो तो देशाच्या मोठ्या प्रवाहापासून तुटलेला कधीच नव्हता.

आता पुन्हा त्या खडकांकडे वळतो, कारण त्यांच्याविषयी सांगण्यासारखे अजून पुष्कळ आहे. वेंगुर्ल्याच्या वायव्येस खोल समुद्रात हे लहानमोठे खडक उभे आहेत. त्यांपैकी एकावर दीपगृह असून तेथील रखवालदाराचे जीवन म्हणजे पावसाळ्यात जवळजवळ तुरुंगवासच असे. या खडकांच्या पोटात समुद्राने कोरलेल्या गुहा आहेत, आणि त्यांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. गुहेच्या आत जेथे डोळ्यात बोट घातले तरी दिसू नये असा काळोख असतो, तेथे हा चिमुकला पक्षी तोंडाने टकटक असा आवाज करीत, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढीत, नेमक्या आपल्याच घरट्यापाशी जातो. अर्ध्या वाटीएवढ्या आकाराची ही घरटी ओल्या कातळाला चिकटलेली असतात, आणि त्यांचे सूप चिनी लोक पौष्टिक म्हणून मोठ्या किमतीला घेतात. यामुळे इंग्रज अमदानीत या निर्जन खडकांचाही सरकारी मक्ता दिला जाई. मक्तेदाराची माणसे दोरांवरून आणि बांबूंच्या परांचीवरून गुहेच्या छताशी जाऊन घरटी खरवडीत, आणि तो माल समुद्रापलीकडे जाई. जेथे पिण्याचा थेंबही नाही अशा खडकावरही महसूलखात्याची नजर पोचली होती.

पुढे राष्ट्रसभेचा संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आलेला ॲलन ह्यूम हा थोर पक्षिशास्त्रज्ञही होता. १८७५ च्या फेब्रुवारीत लक्षद्वीपाच्या सफरीच्या निमित्ताने तो या खडकांवर उतरला, तेव्हा पूर्वीच्या हंगामात मेलेल्या कुररी पक्ष्यांची वाळून गेलेली असंख्य शरीरे त्याला तेथे पडलेली आढळली. पावसाळ्यात, जेव्हा एकही होडी तेथे फिरकत नाही, तेव्हा हजारो कुररी या कातळांवर अंडी घालतात. १९४२ साली हुमायून अब्दुलअली यांनी मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात येथील कुररी आणि पाकोळ्या यांच्यावर लेख लिहून त्यांचे शास्त्रीय महत्त्व पुढे आणले. तरीही घरट्यांची चोरी चालूच राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती उघडकीस आल्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने वनखात्याच्या साहाय्याने तेथे राखण सुरू केली. आज घरटी काढणे हा गुन्हा आहे. शतकभर ज्याचा सरकार लिलाव करीत होते त्याचेच रक्षण करण्याचे कर्तव्य सरकारने पत्करले, ही मी या किनाऱ्याच्या इतिहासातील एक समाधानाची घटना मानतो.

मात्र माणसांच्या बाबतीत इतके समाधान वाटत नाही. या पुळणीचा खरा उपभोक्ता रापणकर आहे. पहाटे तांडेल पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची झेप पाहून थव्याचा अंदाज बांधतो. मग जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळ काढीत जाळे सोडीत जाते आणि दुसरे टोक दूरवर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही दोरांना माणसांच्या रांगा लागतात. पाय वाळूत रोवून, एकाच तालात हाकारे देत, त्या रांगा जाळे ओढीत ओढीत एकमेकींच्या जवळ सरकतात. शेवटी जाळ्याचे पोट वाळूवर येते तेव्हा तारली, पेडवे, बांगडे यांची चांदी उसळते, आणि तेथेच वाटे पडतात. ज्याचा जाळ्यात हिस्सा त्याला हिश्शाप्रमाणे, आणि ज्याने केवळ दोराला हात लावला त्यालाही कालवणापुरते. ही व्यवस्था कोणत्याही सनदेने दिलेली नाही. ती पिढ्यानुपिढ्या गावकीने चालवली. आता यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांनी थवे खोल पाण्यातच उचलले जातात, आणि रापण रिकामी येण्याचे दिवस वाढले आहेत. १९८१ च्या राज्याच्या मासेमारी नियमन कायद्याने किनाऱ्याजवळचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याची तरतूद केली, पण तिच्या अंमलबजावणीविषयी मालवणच्या मच्छीमारांना वारंवार आंदोलने करावी लागली. १९८७ साली मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून घोषित झाला तेव्हाही त्यांनी विरोध केला. तो प्रवाळांविषयीच्या अनास्थेमुळे केला असे म्हणणाऱ्यांनी, आपल्याला विचारल्यावाचून आपल्या दर्यावर रेघ ओढली तर कसे वाटेल याचा विचार करावा. किनारा शांत आहे म्हणून तो बेवारस आहे असा समज करून हॉटेलांचे आराखडे आखणाऱ्यांनाही हेच सांगितले पाहिजे.

हे सर्व लिहिताना एका गोष्टीची खंत वाटते. वेंगुर्ल्याची डच वखार छप्पर गमावून, भिंतींत झाडांची मुळे शिरून, दर पावसाळ्यात थोडी थोडी ढासळते आहे. कोकणात युरोपीय व्यापाराचे याहून जुने अवशेष फार नाहीत. तिच्या भिंती सावरण्याइतका पैसा शासनाला खचितच उभा करता येईल. आणि या पट्टीतील ज्या घरांत नाखव्यांच्या वह्या, जकातीच्या पावत्या, गलबतांचे करारनामे, बोट कंपनीचे भाग-दाखले अजून फडताळात पडून असतील, त्या घरच्या मंडळींना माझी विनंती आहे की वाळवीच्या स्वाधीन करण्याआधी ते कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराकडे पोचते करावेत.